संगणकाच्या तासाला शिक्षक हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमदार निधीतून किंवा एखाद्या कंपनीच्या देणगीतून शाळेला संगणक मिळाले, फीत कापली गेली, अशी बातमी आपल्या जिल्हा पानावर अधूनमधून येते. ती वाचताना मला एकच प्रश्न पडतो : त्या खोलीत तास कोण घेणार? माध्यमिक शाळेत 27 वर्षे गणित शिकवत आले आहे. संगणक येतात, पण संच मान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मिळणार हे ठरवणाऱ्या सरकारी मंजुरीत, संगणक शिक्षकाचे पद नसते. मग वेळापत्रकातला तो तास कधी बदली तासात, कधी दहावीच्या जादा तासात विरून जातो, आणि संगणक उरतात ते यू-डायस या सरकारी शाळा-नोंदणीची माहिती व शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्यापुरते.

हे दुखणे जुने आहे. 1984-85 साली केंद्राने 'क्लास' प्रकल्पातून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले, 2004 मध्ये आयसीटी (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) योजना आणली. आपल्याकडे ती 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या तत्त्वावर राबवली गेली, म्हणजे ठेकेदाराने प्रयोगशाळा उभारायची, पाच वर्षे निदेशक पुरवायचा आणि मग सारे शाळेच्या हवाली करायचे. मुदत संपल्यावर संगणक शाळेत राहिले आणि निदेशक घरी गेले. शिकवणारा माणूस हा करारातला सुटा भाग मानला, तर दुसरे काय होणार?

जिथे तास नियमाने होतो तिथेही मुले बहुधा अर्ज टाइप करणे, तक्ता आखणे, स्लाइड रंगवणे एवढेच शिकतात. ते निरुपयोगी नाही, पण एमएस-सीआयटीच्या वर्गात ते काही महिन्यांत येते. त्याला संगणकशास्त्र म्हणू नये. इंग्लंडने अशाच कारणाने सप्टेंबर 2014 पासून जुना आयसीटी विषय काढून त्या जागी 'कम्प्युटिंग' आणला. आपल्या 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावीपासून कोडिंग आणि संगणकीय विचारपद्धतीचा उल्लेख आहे. हा विचार शिकवायला सुरुवातीला यंत्रही लागत नाही. नववीच्या 60 मुलांच्या वर्गात मी एकीला मनात एक हजेरी क्रमांक धरायला सांगते. बाकीच्यांनी तिला फक्त 'हो' किंवा 'नाही' उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. पहिल्या दिवशी '17 आहे का? 42 आहे का?' असा गोंधळ चालतो. मग कुणीतरी विचारते, '30 पेक्षा मोठा आहे का?' आणि एका प्रश्नात अर्धा वर्ग गळतो. असे अर्धे-अर्धे करत गेले की जास्तीत जास्त सहा प्रश्नांत क्रमांक सापडतो. शाळेत हजार मुले असती तर दहा पुरले असते, हे मुले स्वतः फळ्यावर मांडून दाखवतात.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने पायथॉन या संगणकभाषेत निकालाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला : गुण 35 पेक्षा जास्त असतील तर 'पास', नाहीतर 'नापास'. तिने 60 आणि 20 घालून पाहिले, दोन्ही उत्तरे बरोबर आली. शेजारच्या मुलाने मुद्दाम 35 टाकले आणि पडद्यावर 'नापास' उमटले. 'बाई, हा तर काठावर पास होणारा!' म्हणून वर्गभर हशा पिकला. 'पेक्षा जास्त' आणि 'किंवा त्याहून जास्त' यांतला फरक मी असमानतेच्या धड्यात तीनदा सांगितला होता; तो त्या दिवशी कळला. अशी चूक शोधून काढायला लावणारा शिक्षक समोर नसेल, तर त्या खोलीत नवे संगणक ठेवून काय साधणार?

केरळने या शतकाच्या सुरुवातीलाच 'आयटी अॅट स्कूल' सुरू केले, मुक्त सॉफ्टवेअर वापरले, दहावीला आयटीची प्रात्यक्षिक परीक्षा ठेवली आणि, मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते म्हणजे, शाळेत आधीपासून असलेल्या विषयशिक्षकांनाच प्रशिक्षण देऊन हा विषय त्यांच्याकडे सोपवला. आपल्याकडे मात्र व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या थोड्या शाळा सोडल्या, तर दहावीच्या गुणांत या विषयाला स्थान नाही. तोच विद्यार्थी अकरावी विज्ञानला गेला, की द्विलक्ष्यी (दोन विषयांच्या जागी घ्यायच्या) संगणकशास्त्राचे 200 गुण त्याच्यासमोर एकदम उभे राहतात आणि प्रोग्रॅम म्हणजे काय, इथपासून त्याची सुरुवात होते.

शिक्षण विभागाकडे माझी मागणी मर्यादित आहे. मोठ्या शाळांत संगणक शिक्षकाचे पद मंजूर करावे. ते होईपर्यंत गणित-विज्ञानाच्या इच्छुक शिक्षकांना उन्हाळी सुट्टीत नीट प्रशिक्षण द्यावे, आठवड्याच्या दोन तासिका त्यांच्या कार्यभारात अधिकृतपणे मोजाव्यात आणि त्या तासिकांना त्यांना ऑनलाइन माहिती भरायला बसवू नये. पुढच्या संगणक खरेदीची निविदा काढण्याआधी प्रत्येक शाळेकडून एवढेच लिहून घ्यावे, की तास कोण घेणार आहे आणि वेळापत्रकात तो कोणत्या वारी आहे.

आपली,
एक गणित शिक्षिका, सांगली जिल्हा