भाषांतराचा भार कोणावर? मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : इंग्रजीला देशाची एकमेव राजभाषा करण्याची सूचना आणि किनाऱ्यावरील जनसुनावण्या

महोदय,

पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून २०२५ साली राज्यात जो वाद पेटला आणि १६ एप्रिल व १७ जूनचे दोन्ही शासन निर्णय २९ जूनला मागे घेतल्यावर जो तूर्त शमला, त्या काळात आमच्या दापोली तालुक्यात, एसटीत आणि बंदरावरच्या टपरीवरही, एक तोडगा वारंवार कानावर येत होता. हिंदी नको, मराठीचा हट्ट नको, सरळ इंग्रजीलाच देशाची राजभाषा करून टाकावे, म्हणजे कोणाची भाषा कोणावर लादली जाणार नाही. अमेरिकेने नाही का केली? तोडगा सुचवणाऱ्यांत माझे दोन जवळचे मित्र आहेत आणि त्यांचा हेतू भांडण मिटवण्याचाच आहे. तरीही हा तोडगा घातक आहे असे माझे मत झाले आहे, आणि तो कधी ना कधी आपल्या टेबलावर येईल म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अमेरिकेचा दाखला अर्धाच सांगितला जातो. १ मार्च २०२५ रोजी तेथील राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून इंग्रजीला देशाची अधिकृत भाषा ठरवले. तोवर संघराज्याच्या पातळीवर तेथे अशी भाषाच नव्हती, तीसहून अधिक राज्यांनी मात्र आपापल्या कायद्याने ती ठरवली होती. त्याच आदेशाने २००० सालचा राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचा एक आदेश रद्द झाला. ज्यांना इंग्रजी जेमतेम येते अशा लोकांनाही सरकारी सेवा मिळाव्यात, यासाठी खात्यांनी पावले उचलावीत असे तो जुना आदेश बजावत होता. नवा आदेश चालू सेवा बंद करा असे म्हणत नाही, त्या ठेवायच्या की नाही हे खातेप्रमुखांवर सोडतो. म्हणजे इंग्रजीचे स्थान आधीच भक्कम होते, घोषणेने त्यात काही भर पडली नाही. लोकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगणे हे जे कर्तव्य होते ते मात्र साहेबाच्या मर्जीवर आले.

आपल्याकडे तर अशी घोषणा न करताच आपण त्या जागी येऊन बसलो आहोत. राज्यघटनेच्या ३४३ व्या अनुच्छेदाने इंग्रजीला पंधरा वर्षांची मुदत दिली होती; १९६३ चा राजभाषा अधिनियम आणि १९६७ ची त्याची दुरुस्ती यांनी ती बेमुदत झाली. त्या वेळच्या मद्रास राज्यातील आंदोलन पाहता ते योग्यच झाले असे मी मानतो. परंतु केंद्राच्या कारभारात इंग्रजी आणि हिंदी या दोन भाषा पुरेशा, असा जो अर्थ त्यातून काढला जातो, त्याचा चटका आम्हांला बसतो. २०२० साली पर्यावरणीय परिणाम मूल्यमापनाच्या, म्हणजे प्रकल्पाने पर्यावरणावर काय परिणाम होईल हे आधी तपासण्याच्या, नव्या अधिसूचनेचा मसुदा याच दोन भाषांत निघाला. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीसही भाषांत उपलब्ध करून देण्यास सांगितले, तेव्हा केंद्राने भाषांतरकारांना बोलावण्याऐवजी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. युक्तिवाद असा, की कायद्याने आमच्यावर तशी सक्ती नाही. तो खोटा नव्हता, हेच दुखणे आहे.

आता आमच्या गावचे सांगतो. सातबारा मराठीत असतो, म्हणून आमच्याकडे चौथी शिकलेली म्हातारीही सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, इतर हक्कातले कुळाचे नाव हे सगळे बोट ठेवून वाचते आणि फेरफारात चूक असेल तर तलाठ्याला सोडत नाही. काही वर्षांपूर्वी सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, नकाशांवर हरकती घेण्यासाठी बैठक झाली, तेव्हा तीच म्हातारी भिंतीवरच्या नकाशासमोर गप्प उभी राहिली. नकाशावरची सूची इंग्रजीत होती, रंगांचे अर्थ इंग्रजीत होते. पुळण (वाळूचा किनारा), खाजण (खाडीकाठची खारी जमीन), कांदळवन, आगर (माडापोफळीची बाग) हे आमचे रोजचे शब्द. त्यांतला एकही तेथे नव्हता. तिने मला विचारले, "ह्यात माझं वाळवण कुठं हाय?" मी शोधले. मासे सुकवायची ती जागा नकाशात नव्हतीच, आणि कोळीवाड्यातल्या अशा जागा नकाशात दाखवाव्यात असे सीआरझेडची अधिसूचनाच सांगते. म्हणजे हरकत तिचीच सर्वांत पक्की होती. पण मी तेथे नसतो तर ती नोंदलीच गेली नसती. बैठक घेणाऱ्या अधिकाऱ्याचा वैयक्तिक दोष मी मानत नाही. तोही नकाशा पाहून घाम पुसत होता.

त्या नकाशावर काय काय अवलंबून असते ते आपणांस ठाऊक आहे. सीआरझेडच्या २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे, २०११ च्या जनगणनेत गावाची वस्ती दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर, नसेल तर २०० मीटर ना-विकास क्षेत्र. पडवी वाढवता येईल की नाही, हे या एका आकड्यावर ठरते. प्रकल्पांच्या जनसुनावण्यांचेही तेच. पर्यावरणीय परिणाम मूल्यमापनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार मराठीत मिळतो तो अहवालाचा गोषवारा. गाळ कोठे टाकणार, होड्यांची वाट कोठे अडणार, हे ज्या जोडपत्रांत असते ती इंग्रजीत.

इंग्रजी तटस्थ आहे, असे माझे मित्र म्हणतात. मराठी आणि हिंदी यांच्यामध्ये ती असेलही तटस्थ. इंग्रजी येणारा आणि न येणारा यांच्यामध्ये ती कधीच तटस्थ नसते. नामिबियाने १९९० साली याच विचाराने इंग्रजीला एकमेव अधिकृत भाषा केले, आणि दोन दशकांनंतर तेथील सरकारला शिक्षकांच्याच इंग्रजीची चाचणी घ्यावी लागली. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत इंग्रजी मातृभाषा सांगणारे सुमारे २ लाख ६० हजार होते. दुसरी-तिसरी भाषा म्हणून ती येणारे धरले तरी दहांतला एकच.

मी इंग्रजीचा द्वेष्टा नव्हे. आमच्या तालुक्यातली कितीतरी मुले जहाजांवर आहेत; समुद्रावर त्यांचे काम इंग्रजीतच चालते आणि त्या पगारावर येथली घरे उभी राहिली. माझी पुतणी इंग्रजी माध्यमात शिकते, तिला काढा असे मी भावाला सांगणार नाही. देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले तेव्हा एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारी मराठी मजकूर छापला. पत्रकार दिनाला आपण त्यांच्या पुतळ्याला हार घालतो. तो शेजारचा स्तंभ मात्र सरकारी कागदावरून गायब आहे.

म्हणून माझी मागणी घोषणेची नाही, कामाची आहे. इंग्रजीला एकमेव राजभाषा करण्याचा प्रस्ताव आलाच, तर राज्याने लेखी विरोध नोंदवावा. परंतु तोवर थांबू नये. महाराष्ट्राला १९६४ चा स्वतःचा राजभाषा अधिनियम आहे आणि जनसुनावण्या राज्याचेच प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते. तेव्हा प्रकल्पाचा संपूर्ण अहवाल, जोडपत्रांसह, आणि किनाऱ्याचे नकाशे सूचीसह मराठीत ग्रामपंचायतीत पोहोचल्याशिवाय सुनावणीची तारीख लावू नये, आणि हरकतींची मुदत त्या दिवसापासूनच मोजावी. भाषांतराचा खर्च प्रकल्प आणणाऱ्याने करावा. भाषांतर करताना कोशातले शब्द तेवढे वापरू नयेत. एकदा बंदरावर येऊन विचारावे, भरतीरेषेला आणि वाळूच्या किनाऱ्याला काय म्हणतात ते आम्ही सांगू.

उच्च न्यायालयातल्या इंग्रजीचा प्रश्न मोठा आहे आणि तो आपल्या हाती नाही, हे मला माहीत आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या पक्षकारांची मुंबईची फेरी वाचली; पण घाट चढून गेल्यावरही आपल्याच खटल्याचे इंग्रजीतले बोलणे त्यांना कळत नाही ते नाहीच. त्याविषयी वेगळे लिहीन. नकाशांचे मात्र आपल्या एका परिपत्रकाने होऊ शकते. पुढची सुनावणी लागण्याआधी ते निघावे, एवढी विनंती आहे.

आपला विश्वासू,
दापोली तालुक्यातील एक किनारावासी,
जि. रत्नागिरी