मेन स्विचपर्यंतची वायर सोसायटीची आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईतल्या जुन्या इमारतींत घराचा वीजभार, म्हणजे एका वेळी वापरायला मंजूर असलेली वीज, वाढवून घ्यायचा म्हटले की आधी खर्चाचा आकडा समोर येतो. तो ऐकून बहुतेक जण गप्प बसतात आणि आहे त्याच वायरीवर आणखी एक एसी चालवतात. हा खर्च नेमका कशाचा असतो आणि त्यातला कुणी किती उचलायचा, याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत, म्हणून हे पत्र.

आमची इमारत विलेपार्ले पूर्वेला आहे. १९७४ सालची, चार मजली, २४ घरांची. ती बांधली तेव्हा घरात चार दिवे, दोन-तीन पंखे, रेडिओ आणि इस्त्री एवढाच पसारा होता. त्या हिशेबाने तळमजल्याच्या मीटर रूममधून प्रत्येक घरात एक बारीक वायर वर नेली गेली. आज त्याच घरात दीड टनाचे दोन एसी असतात. ते प्रत्येकी साधारण सात अँपिअर घेतात. दोन किलोवॅटचा गीझर नऊ अँपिअर घेतो, इंडक्शनची शेगडी तेवढेच. ही सगळी एकाच वेळी चालू झाली की तीस अँपिअर ओलांडले जातात, आणि फ्रिज, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह अजून मोजायचेच असतात. वायरीतून प्रवाह दुप्पट गेला की तिच्यात निर्माण होणारी उष्णता चौपट होते. पन्नास वर्षांत वायरीवरचे आवरण कडक होऊन तडकलेले असते. जिथे ॲल्युमिनियमची वायर आहे तिथे जोड सैल पडतात, आणि आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत त्यांच्यावर थर चढतो. आग बहुधा अशाच एखाद्या जोडापाशी सुरू होते. अग्निशमन दलाकडून शॉर्टसर्किटचे कारण आपण वर्षानुवर्षे ऐकतो, पण ते आपल्या इमारतीला लागू आहे असे कुणाला वाटत नाही.

यावर घरोघरी जो स्वस्त उपाय होतो तो फार धोकादायक आहे, म्हणून तो स्पष्ट सांगतो. एसी लावला की एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा खटका, पडते. मग कुणीतरी कारागीर येऊन १६ अँपिअरची एमसीबी काढतो, ३२ ची बसवतो आणि थोडक्यात काम झाले म्हणून सगळे खूश होतात. वायर मात्र तीच राहते. एमसीबी असते वायर वाचवण्यासाठी. वायरीला सोसेल तेवढा प्रवाह झाला की तिने पडावे, हेच तिचे काम. मोठी एमसीबी बसवली की ती पडत नाही, वायर तापत राहते आणि घरातल्यांना काही कळत नाही. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळणे हा याच प्रकाराचा जुना अवतार. ज्यांच्या घरी असे झाले असेल त्यांनी हे पत्र वाचून संपल्यावर लगेच वायरमनला बोलवावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आता खर्च. त्याचे तीन भाग असतात आणि लोक ते एकत्र करून घाबरतात. पहिला भाग वीज कंपनीचा. मंजूर भार वाढवण्याचा अर्ज, लायसन्सधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट, वाढीव सुरक्षा ठेव आणि जोडणीचा आकार. कंपनीला हे आकार मनाला येतील तसे लावता येत नाहीत, ते महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने मंजूर केलेले असतात. सुरक्षा ठेवीवर व्याजही मिळते. थ्री फेज घेतले तर दरमहा स्थिर आकार वाढतो, तेवढे लक्षात ठेवावे. मुदतीचे म्हणाल तर केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली दुरुस्ती झाली आणि महानगरांत नवी जोडणी किंवा जोडणीतला बदल करण्याची मुदत सात दिवसांवरून तीन दिवसांवर आली. अर्थात अर्ज सर्व कागदपत्रांसह पूर्ण हवा, आणि नवी वाहिनी किंवा सबस्टेशन लागणार असेल तर वेळ जास्त लागतो. एकूण खर्चात हा भाग सगळ्यात लहान आहे.

दुसरा भाग घराच्या आतला, म्हणजे नवे वायरिंग, नवा डीबी बॉक्स (सगळ्या एमसीबी जिथे बसवतात ती पेटी), एसी आणि गीझरसाठी स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, खरे अर्थिंग, आणि शॉक जीवघेणा ठरण्याआधी वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. आमच्याकडे दोन बेडरूमच्या घरासाठी ९० हजार ते सव्वा लाखापर्यंतची कोटेशने आली. त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि भिंती फोडल्यावर रंगकाम वेगळे. हा खर्च घरमालकाचाच, त्यात वाद नाही.

भांडण होते ते तिसऱ्या भागावरून. मीटर रूममधल्या मीटरपासून घरातल्या मेन स्विचपर्यंत जिन्यातून वर जाणारी जी वायर आहे, ती कोणाची? वीज कंपनी म्हणते, मीटरच्या पुढे आमची जबाबदारी नाही. ते बरोबर आहे. सोसायटी म्हणते, ज्याला एसी हवा त्याने आपली वायर बदलावी. हे मात्र चूक आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, संस्थेने स्वखर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे. पाण्याच्या टाक्या, ड्रेनेज, जिने, गच्ची, लिफ्ट यांच्याबरोबर सदनिकेतील मेन स्विचपर्यंतच्या विजेच्या वाहिन्याही त्या यादीत आहेत. इतकी सरळ तरतूद असताना कितीतरी सोसायट्यांच्या कमिट्यांना ती ठाऊक नाही, आणि सभासदालाही ती कुणी दाखवत नाही.

ती न पाळल्याचा परिणाम कुठल्याही जुन्या इमारतीच्या जिन्यात दिसतो. ज्याला परवडले त्याने आपली स्वतंत्र केबल बाहेरच्या भिंतीवरून नेली. दुसऱ्याने खिडकीतून, तिसऱ्याने जुन्या लाकडी पट्टीतच कोंबली. प्रत्येकाने मजुरी, परांची, छिद्रे पाडणे यांचे पैसे वेगवेगळे भरले. मीटर रूममधला जुना लाकडी बोर्ड, तिथले गंजलेले कट-आऊट आणि अर्थिंगचा खड्डा तसाच राहिला, कारण तो एकट्या कुणाचाच नाही. पेन्शनवर जगणारे ज्येष्ठ सभासद १९७४ च्या वायरीवर राहिले, आणि तेच दिवसभर घरात असतात. २६ जुलै २००५ ला उपनगरांतल्या किती तळमजल्यांत पाणी शिरले हे आपण पाहिले आहे. आपल्या मीटर रूम त्याच तळमजल्यावर आहेत.

आम्ही सगळ्या इमारतीचे एकत्रित कोटेशन मागवले तेव्हा मीटर रूमचे नवे पॅनेल, बंद ट्रंकिंगमधून (केबल झाकून नेणाऱ्या नळीतून) प्रत्येक घरापर्यंत नवी केबल आणि अर्थिंग मिळून ८ लाख ४० हजार रुपये आले, म्हणजे दर घरामागे ३५ हजार. याआधी एकेका सभासदाने फक्त स्वतःच्या केबलसाठी याहून जास्त मोजले होते. तळमजल्याचे लोक विचारतात, आमची वायर दहा फुटांची, चौथ्या मजल्याएवढे पैसे का द्यायचे? तर ज्या कारणाने चौथ्या मजल्याच्या गच्चीची गळती तळमजलाही दुरुस्त करतो, त्याच कारणाने. शिवाय मीटर रूममध्ये आग लागली तर धूर जिन्यातूनच वर जातो आणि सगळ्यांचा बाहेर पडायचा रस्ता तोच असतो.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न खरा आहे. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या किमान वार्षिक पाऊण टक्का घ्यावा असा उपविधी आहे. पण १९७४ चा बांधकाम खर्च आज इतका किरकोळ वाटतो की त्यावरच्या पाऊण टक्क्यात एक केबलही येत नाही. किमान म्हणजे कमाल नव्हे. सर्वसाधारण सभेला दर वाढवता येतो, आणि दोन वर्षे आधीपासून वाढवला तर एकदम मोठा बोजा पडत नाही.

सगळ्यात घट्ट अडसर मात्र वेगळाच आहे. ‘इमारत रिडेव्हलपमेंटला जायचीच आहे, आता कशाला खर्च?’ हे वाक्य मी माझ्या ओळखीच्या प्रत्येक सोसायटीत ऐकले आहे. आमच्या पार्ल्यात, सांताक्रूझमध्ये, कुर्ल्यात विमानतळाच्या फनेल झोनमुळे, म्हणजे विमानांच्या उतरण्या-उडण्याच्या मार्गाखालच्या पट्ट्यामुळे, इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे. उंची नाही म्हणून विकासकाला परवडत नाही, आणि परवडत नाही म्हणून प्रस्ताव येऊन परत जातात. जिथे उंचीची अडचण नाही तिथेही संमती, करार, परवानग्या यांत वर्षे जातात. या सगळ्या वर्षांत त्या जुन्या वायरीवर माणसे राहत असतात आणि त्यांचा भार दर उन्हाळ्यात वाढत असतो. रिडेव्हलपमेंट दहा वर्षांनी होणार असेल तर घरामागे ३५ हजार म्हणजे महिन्याला तीनशे रुपयेसुद्धा होत नाहीत. उपनगरांत २००९ पासून वीज कंपनी बदलण्याची सोय आली. तेव्हापासून लोक दरांची तुलना हिरिरीने करतात आणि ते योग्यच आहे. पण कंपनी बदलली तरी जिन्यातली वायर बदलत नाही.

शासनाकडे माझी मागणी अशी. तीस वर्षांहून जुन्या इमारतीला मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र लागते. त्या तपासणीत खांब, तुळया, स्लॅब पाहिले जातात. त्याच वेळी मीटर रूम आणि मेन स्विचपर्यंतच्या वाहिन्यांची लायसन्सधारक कंत्राटदाराकडून तपासणी सक्तीची करावी आणि तिचा अहवाल सभासदांना द्यावा. संपूर्ण इमारतीची वाहिनी एकदम बदलणाऱ्या जुन्या सोसायट्यांना हा खर्च वीजबिलातून हप्त्याने फेडता येईल अशी योजना आयोगाने मंजूर करावी. ज्येष्ठ सभासदांसाठी तर ती लगेच हवी.

सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत होतात आणि सभेची नोटीस चौदा दिवस आधी निघते. त्यापूर्वी सेक्रेटरींना लेखी अर्ज देऊन हा विषय अजेंड्यावर घ्यायला लावावा. अर्जात तीन गोष्टी विचाराव्यात : मीटरपासून मेन स्विचपर्यंतची वायर किती चौरस मिलिमीटरची आहे, मीटर रूमचे अर्थिंग शेवटचे कधी तपासले, आणि सगळ्या घरांचा मिळून मंजूर भार किती आहे. आपल्या घराचा मंजूर भार वीजबिलावर छापलेला असतो, तो अर्जाला जोडावा.

आपला,
एक नियमित वाचक
विलेपार्ले (पूर्व), मुंबई