पट्टा सैल सोडायला शिकवणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

या पत्रात तुमचं नाव नाही. तुम्हीच म्हणाला होतात, "ताई, नाव कुठे टाकू नका. लोक कुत्री घेऊन दारात येतात आणि मग आमच्या घरचे मला त्यांच्याबरोबरच बाहेर बांधतात." म्हणून इतकंच लिहिते: नाशिकचे, पोलिसांच्या श्वान पथकातून निवृत्त झालेले, मे महिन्यातही मरून रंगाची कानटोपी खिशात ठेवणारे एक काका. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

उघडं पत्र लिहायचं कारण असं, की समोर आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता. मागच्या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन आले, तर चिवड्यात दाणे तळून घालावेत की भाजून, यावर तुम्ही अर्धा तास बोललात आणि मी बोलायचं ते घेऊन तशीच परत आले. इथे तुम्हाला मधे बोलता येणार नाही.

भुऱ्या आमच्याकडे आला जुलै 2022 मध्ये. नाशिकच्याच द्वारका चौकातल्या पुलाखाली, चिंब भिजलेला, जेमतेम दोन महिन्यांचा गावठी. पहिले काही महिने त्याने केलेल्या प्रत्येक गोष्टीचं कौतुक झालं. पायावर उड्या मारल्या, टाळ्या. सॉक्स पळवले, व्हिडिओ. आठव्या महिन्यात तोच जीव सोळा किलोचा झाला आणि त्याच उड्या सासूबाईंच्या अंगावर मारू लागला. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, हातात वॉकर. एकदा त्या मागे सोफा होता म्हणून वाचल्या. सोसायटीच्या ग्रुपवर त्या आठवड्यात आमच्यावर जे काही लिहून आलं ते सोडून देऊ.

तुमच्या आधी एक प्रशिक्षक येऊन गेले होते, हे तुम्हाला मी पहिल्या दिवशी अर्धंच सांगितलं होतं. त्यांनी चोक चेन आणली, म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी. "तुम्ही कळपाचे म्होरके आहात हे त्याला दाखवा. आधी तुम्ही जेवा, मग त्याला. दारातून आधी तुम्ही. गुरगुरला की हिसका." आम्ही दिले हिसके. तीन आठवड्यांत गुरगुरणं बंद. आम्ही खूश होऊन त्यांना पुढच्या महिन्याचे पैसेही देऊन टाकले.

आणि मग एका संध्याकाळी मुलगा भुऱ्याची जेवणाची थाळी सरकवायला वाकला. आवाज नाही, दात दाखवणं नाही. सरळ हातावर दोन दात. भुऱ्याला लस टोचलेली होती, तरी डॉक्टरांनी मुलाला इंजेक्शनं दिली. त्या संध्याकाळी मी भुऱ्याला चपलेने मारलं. एकदा नाही. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही, पण तुम्हाला ते पहिल्या दहा मिनिटांत कळलं होतं, हे मला नंतर कळलं.

तुम्ही आलात तो दिवस मला नीट आठवतो, कारण काहीच घडलं नाही. तुम्ही भुऱ्याकडे बघितलं नाहीत, हात पुढे केला नाहीत, "अले अले" नाही. खुर्ची थोडी तिरकी करून बसलात आणि चहा मागितलात. वीस मिनिटांनी तो स्वतःहून आला, तुमच्या बुटांचा वास घेऊन गेला, परत आला. तुम्ही चहाच पीत होतात. मग विचारलंत, "गुरगुरतो का?" मी जरा अभिमानानेच म्हटलं, "नाही, ते बंद केलं." तुम्ही कप खाली ठेवलात.

"ताई, रस्त्यावर खड्डा आहे. 'पुढे खड्डा आहे' अशी पाटी आहे. तुम्ही पाटी उपटून टाकली. खड्डा बुजला का?"

नाशिककर बाईला खड्ड्याचं उदाहरण दिलंत, लगेच समजलं. तो गुरगुरायचा तेव्हा सांगत होता, की मला भीती वाटते, माझं अन्न जाईल. सांगितलं की गळ्याला फास बसतो, हे तो शिकला. म्हणून त्याने सांगणं सोडलं. भीती होती तिथेच राहिली.

एवढ्यात मी ट्रे उचलायला हात लांब केला आणि भुऱ्या पोट जमिनीला घासत मागे सरकला. तुम्ही बघितलंत. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तुम्ही फक्त म्हणालात, "चपला उद्यापासून कपाटात ठेवा. त्याच्या नजरेला नकोत." बस. त्यावर पुन्हा कधी शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी कुत्र्याला शिकवायचं म्हणून आम्ही सगळे अंगणात उभे, आणि तुम्ही खिशातून टेनिसचा बॉल काढून मला म्हणालात, "हा जमिनीला टेकेल त्या क्षणी 'हो' म्हणा." टप्पा, "हो". उशीर. टप्पा, "हो". पुन्हा उशीर. सासूबाई खिडकीतून हसत होत्या. पंधरा मिनिटांनी कुठे टप्पा आणि शब्द एका जागी आले. मग तुम्ही भुऱ्याला समोर घेतलंत. उकडलेल्या कलेजीचा हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा त्याच्या नाकापाशी धरून हळूच डोक्यावरून मागे नेलात. नाक वर गेलं तसं बूड आपोआप खाली गेलं. बूड टेकलं, "हो", आणि तुकडा तोंडात. कुणी काही म्हटलं नाही, कुणी पाठ दाबली नाही. दहा वेळा असं झाल्यावर तुम्ही पहिल्यांदा "बस" हा शब्द वापरलात. मी जन्मभर उलटं समजत होते, की आधी शब्द आणि मग कृती. तुमच्याकडे तो बसायला शिकला आणि मग त्या बसण्याला नाव मिळालं.

शब्दांचं तर आमच्या घरी दिवाळंच होतं. मी "बस", नवरा "सिट", मुलगा "सिट ना ब्रो", सासूबाई "बस रे मेल्या". त्याने ऐकलं नाही की मी "बस बस बस बस". तुम्ही शांतपणे विचारलंत, "ताई, यातल्या कितव्या बसला बसायचं त्याने? पहिल्या तीन बस तो सोडून देतो, चौथी पकडतो." तोच घोळ "खाली"चा. आडवं पडायचं तरी "खाली", सोफ्यावरून उतरायचं तरी "खाली", अंगावर उडी मारली तरी "खाली". तुम्ही फ्रिजवर कागद चिकटवलात: लोळ, उतर, बस, थांब, सोड. एका कामाला एक शब्द, तो एकदाच, आणि पाच माणसांत तोच. तो कागद हळदीचे डाग पडून पिवळा झालाय, पण अजून आहे.

फिरायला नेणं हा माझा सगळ्यात वाईट विषय होता. तो ओढायचा, मी मागे ओढायचे, तो आणखी ओढायचा. मागे ओढलं की कुत्रं पुढे जोर लावतं, ही त्याच्या अंगाचीच प्रतिक्रिया असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "पट्टा ताणला की झाड व्हा." ओढायचं नाही, ओरडायचं नाही, फक्त उभं राहायचं. त्याने मागे वळून बघितलं, पट्ट्याला झोळ पडला की "हो" आणि चालायला लागायचं. पहिल्या दिवशी गेटपासून पिठाच्या गिरणीपर्यंत जायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. गिरणीवाला दळण सोडून बाहेर येऊन बघत होता. म्हणाला, "वहिनी, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच." तुम्ही म्हणालात, "मग नळीत घालता कशाला? ते काय सांगतंय ते बघा." आणि त्याला तिथेच समजावलंत, की शेपूट हललं म्हणजे कुत्रं खूश असं नाही. अंग ताठ, शेपूट वर ताठ आणि टोक भराभर हलतंय, तर चार पावलं लांब राहावं. गिरणीवाला तेव्हापासून सगळ्या गल्लीची शेपटं वाचतो.

एकदाच तुमचा आवाज चढलेला ऐकला. फेब्रुवारी होता, शेजारच्या वहिनींनी मळ्यातून आलेली द्राक्षं आणली होती आणि लाडाने दोन भुऱ्यापुढे धरली. "नाही!" भुऱ्या नाही, आम्ही सगळे दचकलो. मग तुम्ही वहिनींची माफी मागून सांगितलंत, की द्राक्ष आणि मनुका कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात, आणि किती खाल्ली की धोका, याचा भरवसा नाही. माझ्या पोटात गोळा आला, कारण त्याआधी मी बक्षीस म्हणून त्याला मनुकेच देत होते. नाशिकमध्ये कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकाला हे कुणीतरी सांगायला हवं, म्हणून इथे लिहून ठेवते.

थाळीचं काम सगळ्यात हळू झालं. तो जेवत असताना लांबून जायचं आणि जाता जाता थाळीत कलेजीचा तुकडा टाकायचा. काढून घ्यायचं काहीच नाही. रोज एक पाऊल जवळ. पाचव्या आठवड्यात मुलगा आला की भुऱ्या तोंड वर करून त्याच्याकडे बघायला लागला, की आज काय आणलंस? जो हात हिसकावायला येतो असं त्याला वाटायचं, तोच आता वाढायला येत होता.

उड्यांबद्दल तुम्ही आधीच बजावलं होतं: लक्ष देणं बंद केलंत की आधी वाढेल, मग कमी होईल. लिफ्टचं बटण चाललं नाही की माणूस ते आधी जोरजोरात दाबतो, तसं. वाढलंच. तिसऱ्या दिवशी तर तो माझ्या ओढणीला लोंबकळला. तुम्ही आधी सांगितलं नसतं तर मी तिथेच सोडून दिलं असतं. चारही पाय जमिनीवर असले तरच लाड, हा नियम सासूबाईंनी आमच्यापेक्षा कडक पाळला. वॉकर धरून त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या.

पोलिसातलं शिक्षण म्हणजे मारूनमुटकून, असं मला वाटायचं. तुम्ही जंजीरची गोष्ट सांगितलीत. 1993 च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांच्या वेळचा तो लॅब्रॅडॉर, पुण्यात शिकलेला, ज्याने किलोच्या किलो आरडीएक्स शोधून दिलं, आणि 2000 साली गेला तेव्हा अधिकाऱ्यांनी ज्याला फुलं वाहिली. तुम्ही म्हणालात, "आरडीएक्स म्हणजे काय हे कुठल्या कुत्र्याला कळतं? त्याला एवढंच माहीत, की हा वास सापडला की खेळायला मिळतं. भीतीने शोधणारं कुत्रं चुकलं तर लपवेल. खेळ म्हणून शोधणारं लपवणार नाही." आणि स्फोटकाचा वास आला की त्याने भुंकायचं नाही, उकरायचं नाही, गप बसायचं. कारण पंजा लागला तर सगळंच संपलं. म्हणून "बस" या शब्दाला तुम्ही इतकं जपता, हे मला त्या दिवशी उमगलं.

त्या म्होरक्याच्या भानगडीचंही मी नंतर वाचून काढलं. ती कल्पना आली 1947 साली रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयातल्या, एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवरून केलेल्या निरीक्षणातून. पुढे एका अमेरिकन शास्त्रज्ञाने 1970 मध्ये पुस्तकातून ती लोकांपर्यंत पोचवली. मग त्याने रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले, तर कळप म्हणजे साधे आईबाप आणि त्यांची पोरं. 1999 मध्ये त्याने स्वतःच लिहून टाकलं, की 'म्होरक्या' हा शब्द तिथे चुकीचा आहे. त्याचं आडनाव मीच. डेव्हिड मीच. आडनाव मीच असून 'मीच बरोबर' म्हणाला नाही. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात, की भुऱ्या उठून उभा राहिला.

आता जे सांगायला हे पत्र लिहिलं, ते. ते माझ्या नाही, मुलाच्या लक्षात आलं. एकदा तुम्ही गेल्यावर म्हणाला, "आई, तू पट्टा सैल सोडलास की काका 'झकास' म्हणतात. बरोब्बर त्याच सेकंदाला. आणि तू ओढलास की काहीच म्हणत नाहीत, झाड होतात." मी मागचे सगळे दिवस आठवून पाहिले. खरंच होतं. मी चुकले की तुम्ही आभाळाकडे बघायचात. जमलं की "झकास", आणि दर रविवारी आठवणीने शेंगदाण्याच्या चिक्कीचा एक तुकडा. मी पंचेचाळीस वर्षांची बाई, शाळेत शिकवते, आणि त्या चिक्कीसाठी रविवारी लवकर उठत होते. शाळेत माझ्या टेबलावर पट्टी असायची. वापरायचे नाही, पण आपटायचे. ती आता कपाटात आहे, चपलांसारखीच.

हाक मारल्यावर येण्यासाठी नवा शब्द निवडायचा होता, कारण "इकडे ये" म्हणून मी त्याला प्रत्येक वेळी आंघोळीलाच नेलं होतं आणि तो शब्द वाया गेला होता. मुलाने सुचवलं "भेळ". तुम्ही मान डोलावलीत, म्हणून आता गोल्फ क्लब मैदानाच्या कडेला उभी राहून मी रोज संध्याकाळी "भेळ!" म्हणून ओरडते. भुऱ्या कान पाडून धावत येतो. आजूबाजूची दोन-चार माणसंही वळून बघतात, आणि परवा एक आजोबा खरंच विचारायला आले, की गाडी कुठे लागलीय.

गॅस सिलेंडरवाल्याचं मात्र अजून जमलेलं नाही. बाकी कुणी आलं तर भुंकत नाही, पण जिन्यात टाकीचा आवाज आला की आमची सगळी विद्या खिडकीतून बाहेर. तेव्हा या रविवारी याच. सासूबाईंनी शेवभाजी करायचं ठरवलंय, चिक्की यावेळी आमच्याकडून. आणि दार उघडलं की लगेच आत येऊ नका, त्याला बसायला दोन सेकंद लागतात.

तुमची,
भुऱ्याच्या घरची ताई