लिलावात नाव आले म्हणजे खेळाडू तयार झाला असे नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हॉकी इंडिया लीगच्या लिलावात सतरा-अठरा वर्षांच्या मुलांची नावे पुकारली गेली, की दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावाकडच्या बातम्या येतात. पेढे, फटाके, आई-वडिलांचा फोटो. हा आनंद रास्तच आहे. पण त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांतले पालक प्रशिक्षकांना गाठू लागतात. आमचा मुलगा तयार झालाय का? बारावी बाजूला ठेवून त्याला बाहेरच्या अकादमीत पाठवू का? एक जण करारावर सही मागतोय, करू का? याची उत्तरे ‘पोरात दम आहे’ एवढ्यावर देणे हा त्या मुलावर अन्याय आहे.

आधी लीगचे गणित. २०१७ नंतर बंद पडलेली ही लीग २०२४-२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. पुरुषांचे आठ संघ, महिलांचे चार. त्या हंगामात प्रत्येक संघात २४ खेळाडू, त्यांत किमान १६ भारतीय आणि त्या भारतीयांत चार ज्युनियर घेणे सक्तीचे होते. म्हणजे पुरुषांत ३२ आणि महिलांत १६ ज्युनियरना जागा मिळणे ठरलेलेच होते. लिलावातली पायाभूत किंमत दोन, पाच किंवा दहा लाख होती. नियम चांगला आहे, तो राहावा. पण संघात जागा मिळणे वेगळे आणि मैदानावर मिनिटे मिळणे वेगळे. पुरुषांचा तो हंगाम २८ डिसेंबरला सुरू होऊन १ फेब्रुवारीला संपला. या पाच आठवड्यांत बहुतेक वेळ बाकावर बसलेल्या मुलाचे पैसे बुडत नाहीत, पण त्याच काळात तो राज्याच्या किंवा विद्यापीठाच्या संघातून पूर्ण साठ मिनिटांचे सामने खेळला असता. शिवाय महाराष्ट्रात बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा साधारण याच सुमारास येतात. म्हणून लिलावाच्या बातमीत बोलीची रक्कम छापता, तशी हंगाम संपल्यावर प्रत्येक ज्युनियर किती मिनिटे खेळला हेही छापा, अशी आपल्याला विनंती आहे.

खेळाडू तयार आहे की नाही हे पाहताना पहिली चूक होते ती शरीराच्या बाबतीत. हॉकीत वयोगट १ जानेवारीच्या हिशेबाने पडतो. २०२५ च्या चेन्नई-मदुराईतल्या ज्युनियर विश्वचषकाला १ जानेवारी २००४ किंवा त्यानंतर जन्मलेले खेळाडू पात्र होते. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात, दोघांत जवळपास वर्षाचे अंतर. सोळा वर्षांखालील निवड चाचणीत हे अंतर खांद्यांत, मांड्यांत आणि फटक्याच्या वेगात दिसते. लवकर वाढलेला मुलगा चेंडू ढकलून पुढे पळतो, कुणी गाठू शकत नाही. निवड समिती खूश. एकोणिसाव्या वर्षी बाकीचे त्याच्या उंचीला येतात, तेव्हा लक्षात येते की वेग सोडून त्याने काहीच कमावलेले नाही.

यावर उपाय बिनखर्चाचा आहे. दर तीन महिन्यांनी, सकाळी, अनवाणी उभे करून उंची मोजा; बसलेली उंची आणि वजनही लिहा. जोवर उंची झपाट्याने वाढते आहे, तोवर त्या मुलाबद्दल कुठलाही निकाल देऊ नका, चांगला नाही आणि वाईटही नाही. वाढीच्या त्या काळात गुडघ्याखाली, टाचेत दुखते, तोल बिघडतो, काल जमणारा ट्रॅप (चेंडू स्टिकने थांबवणे) आज सुटतो. हे आळसाने होत नाही. सलग सहा महिन्यांत उंची एखाद्या सेंटिमीटरच्या आत राहिली, की व्यावसायिक सरावाचा पूर्ण भार देण्याचा विचार सुरू करावा. त्याआधी नाही.

ड्रॅग फ्लिक, म्हणजे चेंडू स्टिकवर ओढत नेऊन गोलकडे भिरकावणे, मारणाऱ्यांच्या बाबतीत तर हे फारच जपायला हवे. पेनल्टी कॉर्नरवर, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या चुकीबद्दल गोलसमोर मिळणाऱ्या संधीत, सरळ फटका मारला तर तो गोलमधल्या ४६० मिलिमीटर उंचीच्या फळीच्या वर जाऊन चालत नाही, फ्लिकला ही अट नाही. म्हणून फ्लिकरला सगळीकडे भाव. पण फ्लिक मारताना पुढचा पाय लांब पडतो, कंबर एकाच वेळी वाकते, कलते आणि पिळली जाते, आणि तो सगळा भार कण्याच्या सर्वांत खालच्या मणक्यांवर येतो. वाढत्या वयात तिथे ताणाने बारीक तडा जाऊ शकतो. मुलगा ‘कंबर भरलीय’ म्हणतो, कुणीतरी मालिश करतो, फवारा मारतो आणि सराव चालू राहतो. ओळखायची साधी खूण अशी: एका पायावर उभे राहून मागे वाकायला सांगा. कंबरेच्या एकाच बाजूला नेमके दुखले, तर त्याच दिवशी फ्लिक बंद आणि खेळातल्या दुखापतींच्या डॉक्टरकडे. साध्या एक्स-रेत हा तडा अनेकदा दिसत नाही, एमआरआय लागतो. वेळेत सापडला तर काही महिन्यांच्या विश्रांतीने बरा होतो. नाही सापडला तर वर्ष जाते, कधी कारकीर्दच. आमच्या मते सोळा-सतरा वर्षांच्या फ्लिकरने आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला तीस-चाळीस फ्लिकच्या पुढे जाऊ नये, आणि हा आकडा वहीत लिहिलेला असावा. संध्याकाळी सगळे गेल्यावर एकट्याने मारलेले पन्नास फ्लिकही त्यातच धरायचे.

दुसरी गोष्ट दम. यो-यो चाचणीचा एका दिवसाचा आकडा सगळे सांगतात. वीस मीटर जा, वीस मीटर ये, दहा सेकंद विश्रांती, वेग वाढत जातो. चाचणी चांगली आहे. पण शिबिराच्या पहिल्या दिवशी ताजेतवाने असताना काढलेला आकडा आणि स्पर्धेच्या सहाव्या दिवशी, चौथ्या सामन्यानंतर काढलेला आकडा यांतली घसरण पाहा. वरच्या पातळीवर सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार क्वार्टरचा असतो आणि बदली खेळाडू हवे तितक्या वेळा आत-बाहेर करता येतात. त्यामुळे आघाडीपटूला पाच-सात मिनिटे जीव तोडून पळायचे, बाहेर यायचे, दोन-तीन मिनिटांत श्वास जागेवर आणून परत आत जायचे. हे चक्र हंगामभर जमले पाहिजे. हंगामाच्या सुरुवातीला, मध्यात आणि शेवटी अशा तीन नोंदी असल्याशिवाय दमाबद्दल बोलू नये.

आता खरी कसोटी. ती ना टेपने मोजता येते, ना शिट्टीने. एखाद्या मध्यरक्षकाला पारखायचे असेल तर दहा मिनिटे चेंडूकडे पाहूच नका, फक्त त्या खेळाडूच्या मानेकडे पाहा. चेंडू त्याच्याकडे निघण्याआधी त्याने खांद्यावरून मागे पाहिले का? एकदा की दोनदा? ज्याने पाहिले आहे, तो ट्रॅप करतानाच अंग अर्धे वळवून घेतो, स्टिक मोकळ्या बाजूला ठेवतो आणि दुसऱ्या स्पर्शाला पास देतो. ज्याने पाहिलेले नाही, तो आधी चेंडू थांबवतो, मग मान वर करतो, तोवर दोघे अंगावर आलेले असतात. शालेय हॉकीत दुसऱ्या प्रकारचा मुलगाही दोघांना चकवून टाळ्या घेतो. वरच्या पातळीवर तोच चेंडू हिसकावला जातो आणि पुढच्या चार-पाच सेकंदांत आपल्या ‘डी’त (गोलसमोरच्या अर्धवर्तुळात) गोंधळ असतो.

ही नोंद पहिल्या आणि चौथ्या क्वार्टरची वेगवेगळी ठेवा. मोबाइलवर काढलेले चित्रीकरण पुरते. चेंडू किती वेळा आला, किती वेळा गमावला, आपल्या २३ मीटरच्या पट्ट्यात किती वेळा गरज नसताना स्टिक घातली. बचावपटूचा पाय थकला की तो अंग मागे नेत चॅनेलिंग करायचे (समोरच्याला कडेला ढकलत न्यायचे) सोडून झेपावतो, आणि पेनल्टी कॉर्नर देऊन बसतो. हिरवे कार्ड मिळाले तर दोन मिनिटे संघ दहा जणांत. पहिल्या क्वार्टरमध्ये चांगला असलेला पण चौथ्यात चुकांची संख्या दुप्पट करणारा मुलगा गुणी आहे, तयार नाही. सलग आठ-दहा सामन्यांत, तेही आपल्या बरोबरीच्या किंवा आपल्यापेक्षा वरच्या संघांविरुद्ध, दोन्ही क्वार्टर सारखे दिसले की मग तयार म्हणावे.

वय किती, याला एक उत्तर नाही. मैदानावरची जागा बदलली की तयार होण्याचे वय बदलते. मध्यरक्षक विवेकसागर प्रसाद सतराव्या वर्षी, जानेवारी २०१८ मध्ये भारताच्या वरिष्ठ संघातून खेळला. श्रीजेश २००६ मध्ये संघात आला, पण पहिल्या पसंतीचा गोलरक्षक व्हायला त्याला पुढे कित्येक वर्षे लागली. गोलरक्षकाला चेंडू अडवण्याइतकेच पुढच्या चौघांना ओरडून जागेवर ठेवणे यावे लागते, आणि ते सामने खेळूनच येते. वीस-एकविसाच्या आधी गोलरक्षकाला घाई करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. हरमनप्रीतसिंगचे उदाहरण पालकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये तो रिओ ऑलिम्पिक खेळला आणि त्याच वर्षी डिसेंबरात लखनौला ज्युनियर विश्वचषक खेळला, जो भारताने जिंकला. ऑलिम्पिक खेळून आलेला मुलगा ज्युनियर संघात परत गेला, तर त्याचे काही कमी झाले नाही. २०२४ च्या लिलावात सर्वाधिक ७८ लाखांची बोली त्याच्यावरच लागली.

महाराष्ट्रातल्या मुलांची एक वेगळी अडचण आहे ती मैदानाची. पुण्यात बालेवाडी आहे, पिंपरीत नेहरूनगरचे मैदान आहे, मुंबईत चर्चगेटला टर्फ (कृत्रिम गवताचे मैदान) आहे, पण तालुक्याच्या गावात मूल मातीवरच शिकते. मातीवर चेंडू उसळतो, म्हणून हात सैल आणि नजर तयार होते, हा फायदाच. पण पाणी मारलेल्या टर्फवर चेंडू सरपटत, कितीतरी वेगाने येतो. मातीवरचा मुलगा उंच उभा राहून ट्रॅप करतो, तिथे गुडघे वाकवून स्टिक जवळजवळ आडवी ठेवावी लागते. रिव्हर्स स्टिकचा (स्टिक उलटी फिरवून डावीकडून केलेला) टॅकल, हवाई पास आणि उतरत्या चेंडूखाली योग्य अंतर ठेवणे हे टर्फशिवाय येत नाही. तेव्हा ओल्या टर्फवर एक पूर्ण हंगाम झाल्याशिवाय कुठल्याही व्यावसायिक चाचणीला पाठवू नये. एका खराब चाचणीने मुलाच्या नावावर ‘हळू आहे’ असा शिक्का बसतो आणि तो पुसायला फार वेळ लागतो.

मुलींबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे. सातारा जिल्ह्यातून वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ अशा खेळाडू वर आल्या, त्यामुळे आता लहान गावांतल्या मुलीही गंभीरपणे खेळतात. त्यांच्या बाबतीत सरावाचा भार वाढवण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर दमाची चाचणी घेण्यात अर्थ नाही, आधी आहार आणि औषध. पाळी तीन महिने चुकली तर ‘सरावाने होते’ म्हणून सोडू नका. खाणे कमी आणि पळणे जास्त झाल्याची ती खूण असू शकते, आणि तसे असेल तर पुढे हाडे कमकुवत होतात. गुडघ्याची दुखापतही मुलींत जास्त दिसते. उडी मारून उतरताना गुडघे आत वळतात का, हे पाहून आठवड्यातून दोन-तीनदा पंधरा-वीस मिनिटांचा उतरण्याचा, वळण्याचा, थांबण्याचा व्यायाम घ्यावा.

राहिला प्रश्न पोटाचा. भारतीय हॉकीत व्यावसायिक होणे म्हणजे लीगपेक्षा अजूनही डिपार्टमेंटची नोकरी: रेल्वे, तेल कंपन्या, सेनादले, पोलीस, बँका. रेल्वेच्या क्रीडा कोट्यातल्या भरतीला वय १८ ते २५ लागते, आणि दहावी, बारावी, पदवी यांप्रमाणे पदाची पातळी ठरते. लीगसाठी बारावी सोडलेला मुलगा दोन हंगामांनंतर लिलावात विकला गेला नाही, तर नोकरीतही एक पायरी खाली उतरतो. म्हणून बारावी सोडू नका. परीक्षा आणि शिबिर एकाच वेळी आले तर शिबिर सोडा.

करारावर सही करण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. अठरा वर्षांखालील मुलाने स्वतः केलेला करार भारतीय करार कायद्याप्रमाणे वैध नसतो. तेव्हा मुलाची सही घेऊन गेलेल्या माणसापासून सावध राहा, आणि पालकांनी वकिलाला दाखवल्याशिवाय स्वतःही सही करू नये. एजंटचा हिस्सा किती टक्के आणि किती वर्षे, हे लिहिलेले हवे. पाच-सात वर्षांचे बंधन कदापि मान्य करू नये. मानधनातून साधारण दहा टक्के कर कापून उरलेली रक्कम हाती येते, तो कर परत मिळवायला विवरणपत्र भरावे लागते, म्हणून पॅन आणि बँक खाते मुलाच्या नावावर आधीच काढा. आणि दुखापत झाली तर शस्त्रक्रियेचा आणि त्यानंतरच्या सहा-नऊ महिन्यांच्या फिजिओथेरपीचा खर्च कोण देणार, हे कलम शोधा. ते नसेल तर घालायला लावा. घालायला नकार मिळाला, तर त्या वर्षी सही करू नका.

आपला,
एक हॉकी प्रशिक्षक, पुणे