पंखा निवडून देणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाक" म्हणून विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय. परवा मी घरी बांधलेल्या विमानाचे चाचणीचे ४० तास पूर्ण झाले. लॉगबुकात शेवटची नोंद करताना तुमची फार आठवण झाली.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. घरी बांधलेलं विमान म्हटलं की आपल्या लोकांना कांदिवलीच्या गच्चीवर विमान उभं करणारे कॅप्टन अमोल यादव आठवतात. इथे अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये हे वेड जुनं आहे. १९५३ साली मिलवॉकीत अशाच लोकांनी ईएए ही संघटना काढली. माझं विमान दोन सीटचं. इंजिन लायकमिंगचं ओ-३२०, १६० हॉर्सपॉवर, वापरलेलं घेऊन ओव्हरहॉल केलेलं. पत्रा, रिव्हेट, वायरिंग सगळं निभावलं आणि अडलो प्रोपेलरपाशी, म्हणजे नाकावरच्या पंख्यापाशी.

सल्ले काही कमी मिळाले नाहीत. एका विक्रेत्याने माझं वाक्य पुरं व्हायच्या आत कॉन्स्टंट स्पीडचा, म्हणजे उडताना तेलाच्या दाबाने पात्यांचा कोन बदलणारा प्रोपेलर, तो दाब सांभाळणारा गव्हर्नर आणि हप्त्यांचा हिशोब पुढे केला. माझ्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट भरीव आहे. त्यातून तेल प्रोपेलरपर्यंत पोचणार कुठून, हे त्याला विचारावंसं वाटलं नाही. दुसरे एक जाणकार म्हणवणारे गृहस्थ, भेटतील तेव्हा एकच मंत्र म्हणायचे: पिच वाढव, म्हणजे पाती जास्त तिरपी घे, स्पीड वाढेल. तिसऱ्याने ॲडव्हान्स घेतला आणि फोन उचलणं बंद केलं. मॉडेल काय, बजेट किती, एवढंच या तिघांनी विचारलं.

तुम्ही हँगरमध्ये आलात, विमानाभोवती एक चक्कर मारलीत, उलट्या डब्यावर बसलात आणि साताऱ्याकडच्या त्या ठसक्यात म्हणालात, "आधी सांग, उडणार कुठनं?"

मी सांगितलं: गवताची धावपट्टी, २,४०० फूट, टोकाला मेपलच्या झाडांची रांग.

"जुलैत पण उडणार? बायकोला घेऊन? टाक्या फुल?"

हो म्हटलं. तुम्ही विजेच्या बिलाचं पाकीट उलटं करून गणित मांडलंत. ७० इंच पिच म्हणजे एका फेऱ्यात कागदोपत्री ७० इंच पुढे, मिनिटाला २,७०० फेरे, म्हणजे ताशी १७९ मैल. "हे मैल कागदावर. झाडं काय कागदावर न्हाईत." मग समजावलंत की न बदलणाऱ्या पिचचा पंखा म्हणजे एकाच गियरची गाडी. पिच जास्त ठेवला तर टेकऑफला इंजिनाची दमछाक होते. १६० हॉर्सपॉवर मिळतात त्या २,७०० फेऱ्यांना, आणि तिथवर ते चढतच नाही. पिच फारच कमी केला तर वर सरळ उडताना फेरे लाल रेषेपलीकडे जातात. फुल थ्रॉटलला, सरळ उडताना, २,७०० च्या जेमतेम आत बसेल असा पंखा घे आणि उरलेलं सगळं झाडांसाठी राख, असं तुमचं म्हणणं. हवाई दलात दुंडिगलला 'दीपक' या प्रशिक्षण विमानांच्या लायकमिंग इंजिनांवर उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाचं बोलणं ते, मला पुन्हा विचारावं लागलं नाही.

लाकडाचाच घे, हेही तुमचंच. हलका असतो, इंजिनाचे हादरे पोटात घेतो. इंजिन-प्रोपेलरची प्रमाणित जोडी असली की चाचणी २५ तासांची, नसली की ४० ची, असं मी कुरकुरत म्हटलं तर तुम्ही हसलात. "पंधरा तास जास्त उडायला मिळतंय, तोटा कसला त्यात?"

ही हुशारी झाली. हुशार माणसं मला आधीही भेटली होती. मला लिहायचंय ते जानेवारीतल्या फोनबद्दल.

पहिलं उड्डाण शरद ऋतूत झालं होतं, पेढे वाटून झाले होते. तुमचं काम खरं तर कधीच संपलं होतं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, मी मुलाचा अभ्यास घेत होतो, आणि तुमचा फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही. "हँगरात हीटर चालू असतो ना रे? हवा कोरडी पडलीय. लाकूड आकसतं. बोल्ट बघितलेस का?"

तासांच्या हिशोबाने बोल्ट तपासायची वेळ अजून लांब होती. तुम्ही हिशोब ऋतूचा धरला होता. दुसऱ्या दिवशी कानटोपी आणि दोन स्वेटर घालून तुम्ही स्वतःच हजर. पंख्यापुढची टोपी, म्हणजे स्पिनर काढला, सेफ्टी वायर कापली, टॉर्क रेंच लावला. पहिला बोल्ट 'टक्' म्हणायच्या आधी चांगला पाव वळसा फिरला. दुसराही तसाच. सहाच्या सहा. लाकडी प्रोपेलर बोल्टांच्या दांड्यांवर फिरत नाही, इंजिनाच्या फ्लँजला, म्हणजे पुढच्या चकतीला, घट्ट दाबून धरल्यामुळे फिरतो. ती पकड सुटली की लाकूड घासून करपायला लागतं, आणि पुढे बोल्ट तुटतात. ६८ इंचाच्या पंख्याचं टोक २,७०० फेऱ्यांना ताशी पावणेनऊशे किलोमीटरच्या आसपास पळतं. त्या आकड्यावर मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो.

तुम्ही मात्र काहीच झालं नाही अशा थाटात नवीन सेफ्टी वायर पिळलीत, दोन्ही पाती फिरवून टोकं एका रेषेत येतात का ते पाहिलंत आणि म्हणालात, "आता पावसाळी हवा आली की फुगंल. तेव्हा पण बघायचं." माझ्यावर ना उपदेश, ना "मी नसतो तर" अशी भाषा.

एक विचारू? एखाद्याच्या बोल्टांची काळजी स्वतःच्या घरी, रात्री जेवताना कोण करतं? ॲडव्हान्स घेऊन गायब झालेल्या माणसाचं सोडा, मी तरी कुणासाठी केली असती का, सांगता येत नाही. ईएएचे टेक्निकल काउन्सेलर म्हणून इथे लोक एक पैसा न घेता दुसऱ्यांच्या हँगरमध्ये जाऊन काम तपासतात. तुमच्याकडे तर तोही बिल्ला नाही. मुलीकडे राहायला आलेला पाहुणा माणूस तुम्ही, इथल्या थंडीला रोज शिव्या घालणारे. पण भलेपणा अजून शिल्लक आहे असं कुणी म्हणालं की मी आता वाद घालत नाही, फक्त तुमची कानटोपी डोळ्यांपुढे येते.

एप्रिल लागलाय, हवा दमट व्हायला लागली, बोल्ट पाहिले आहेत. लाकूड थोडं फुगलंय, तुम्ही म्हणालात तसंच. चाचणी संपल्यामुळे आता शेजारच्या सीटवर माणूस बसवता येतो, आणि पहिला मान तुमचा, हे घरात सर्वांनुमते ठरलंय. येत्या रविवारी वारा बरा दिसतोय. सकाळी लवकर या, सौ. थालीपीठ करणार आहे. वजन आणि बॅलन्सचा तक्ता भरायचा आहे, तेव्हा तुमचं वजन आधी कळवा. खरं कळवा. मागच्या वेळी सांगितलेलं कानटोपीशिवायचं होतं, असं काकूंनी मला आधीच सांगून ठेवलंय.

आपला,
हँगरवाला पुतण्या