फाइलवर 'स्मृतिभ्रंश' असला, तरी आधी आजींना विचारा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

अमळनेर तालुक्यातून लिहिते आहे. आईचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा रुग्णालयाने शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर माझी सही घेतली. तिला कोणी विचारलंच नाही. फाइलवर 'स्मृतिभ्रंश' लिहिलं होतं, तेवढं पुरलं. तिला वार सांगता येत नाही, नातवंडांची नावं चुकतात. पण मी अहिराणीत समजावलं, तेव्हा तिने पूर्ण भूल देणार का आणि नाही केलं तर चालता येईल का, हे दोन्ही विचारलं. डॉक्टरांनी तिच्याकडून याहून वेगळं काय ऐकायला हवं होतं?

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 4 हेच तपासायला सांगतं: माहिती कळते का, परिणाम उमगतो का, आणि बोलून वा खुणेने निर्णय सांगता येतो का. निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून क्षमता नाही असं ठरत नाही, हेही त्यात आहे. मात्र हा कायदा मानसिक उपचारांपुरता. खुबा, मोतीबिंदू, डायलिसिस त्याच्या बाहेर. 2008 साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्षम, सज्ञान रुग्णाऐवजी तिच्या आईने दिलेली संमती ग्राह्य धरली नाही. तरी आमच्याकडे मुलाची सही म्हणजे सगळं झालं. भावाभावांत वाद पेटला आणि रुग्णाच्या वतीने निर्णय घेणारा कायदेशीर पालक नेमायची वेळ आली, तर उच्च न्यायालयासाठी आम्हाला संभाजीनगरचं खंडपीठ गाठावं लागतं. नंदुरबारच्या धडगावहून कोण जाणार?

कायदा केंद्राचा असला, तरी रुग्णालयांना आदेश तुम्ही देऊ शकता. प्रत्येक निर्णयासाठी रुग्णाला वेगळं विचारा. चष्मा, कानातलं यंत्र लावून, शक्यतो सकाळी विचारा; संध्याकाळी पुष्कळांचा गोंधळ वाढतो. अहिराणी, पावरी, भिली, त्यांच्या बोलीत विचारा. गोंधळ अचानक सुरू झाला असेल, तर जंतुसंसर्गासारखं बरं होणारं कारण आधी शोधा, आणि थांबता येत असेल तर थांबा. काय विचारलं, काय उत्तर मिळालं, केसपेपरवर लिहा.

आणखी एक, मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. निदान होतं त्या दिवशीच कुटुंबाला सांगा, की रुग्ण अजून स्वतः ठरवू शकतो तोवरच आपल्या वतीने कोण बोलणार हे लिहून ठेवता येतं. अखेरच्या आजारातल्या उपचारांबद्दलची इच्छाही 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर नोंदवता येते. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयांत ते सांगणारा माणूस आणि एक साधा मराठी नमुना ठेवा.

आपली,
एक मुलगी, अमळनेर तालुका