खालच्या मजल्यावरच्या कुर्द मावशींना

प्रिय मावशी,

जर्मनीत कोलोनला आलो त्या वर्षी मी तुमची ओळख 'खालच्या तुर्की बाई' अशी करून द्यायचे. एकदा तुमच्यादेखतच म्हणाले. तुम्ही चहाचा पेला पुढे सरकवलात आणि एवढंच बोललात, "पासपोर्ट तुर्कस्तानचा होता. मी कुर्द." त्याची माफी राहिलीच होती, ती आधी मागते.

आभार मात्र दुसऱ्या गोष्टीचे. लेक तीन वर्षांचा असताना बालवाडीत सांगितलं, घरी जर्मनच बोला, नाहीतर मुलगा मागे पडेल. मी घाबरले आणि त्याच्याशी मराठी बोलणं सोडलं. तुमच्या ते लक्षात आलं. मला स्वयंपाकघरात बसवून तुम्ही तुर्कस्तानातल्या दियारबाकिरच्या, तुमच्या भाषेत आमेदच्या, शाळेबद्दल सांगितलंत. घरी फक्त कुर्मांजी, म्हणजे तुमची कुर्दी बोली, वर्गात फक्त तुर्की. कुर्दी शब्द निघाला की हातावर पट्टी. पुढे 1983 च्या कायद्याने तुमच्या भाषेत काही छापायलाही बंदी आली, ती 1991 पर्यंत. तुमच्या नावातला 'डब्ल्यू' तुर्की वर्णमालेत नाही, म्हणून दाखल्यावर त्याचा 'व्ही' झाला. 'नवरोझ', म्हणजे 21 मार्चचा तुमचा नववर्षाचा सण, त्यात 'डब्ल्यू' छापला म्हणून खटलेसुद्धा भरले गेले! एका अक्षराची इतकी भीती सरकारला का वाटावी, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं.

मग तुम्ही म्हणालात, "आमची भाषा हिसकावून घेतली. तू आपणहून टाकतेस?"

त्या रात्री मी लेकाला मराठीत गोष्ट सांगितली. अडखळत ऐकली त्याने, पण ऐकली.

पहिल्या महायुद्धानंतरच्या 1923 च्या लोझान तहानंतर तुमचे लोक तुर्कस्तान, इराक, सीरियात वाटले गेले; इराणमधले तर आधीपासूनच वेगळे होते. आज तीन कोटींहून जास्त माणसं, स्वतंत्र देश नाही. शाळेच्या इतिहासात मी तुमच्याबद्दल एक ओळही वाचली नव्हती. म्हणून हे पत्र मराठीत, सगळ्यांसाठी. तुम्हाला मी ते जर्मनमध्ये वाचून दाखवीन.

कुर्मांजीत नावाला 'नाव'च म्हणतात, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा लेक केवढा हरखला होता! तेव्हापासून जिन्यात भेटलात की तो 'नावे ते ची ये?' विचारतो, आणि तुम्ही दर वेळी तुमचं खरं नाव सांगता, 'डब्ल्यू'वालं.

मावशी, गेलेक स्पास, खूप आभार.

21 मार्चला तुमच्याकडे जेवायला येतोय. पुरणपोळ्या मी आणते. तुम्ही 'सेर चावान' म्हणाल, म्हणजे शब्दशः डोळ्यांवर, अर्थात आनंदाने, हे मला आता ठाऊक आहे.

तुमची,
वरच्या मजल्यावरची